बोट सुटण्याआधीची रात्र कुठे काढायची

लिव्हअबोर्डवरची, म्हणजे राहून डाइव्हिंग करायच्या बोटीवरची, जागा पक्की झाली की बहुतेक जण लगेच विमानाची तिकिटं शोधायला बसतात. आम्ही आधी बोटवाल्यांना मेल टाकतो. त्यात तीनच प्रश्न असतात: पहिल्या दिवशी प्रवाशांना नेमकं कुठून उचलता, शेवटची फेरी किती वाजता निघते, आणि त्यानंतर पोचणाऱ्याची सोय कोण, कोणाच्या खर्चाने करतं? याची उत्तरं लेखी हाती येईपर्यंत तिकीट काढायचं नाही आणि खोलीही घ्यायची नाही. पुण्याहून मालदीवला डाइव्हिंगला जाताना चार-सहा जणांच्या आमच्या गटाची ही पद्धत आता बसून गेली आहे. आदल्या रात्रीचा मुक्काम कसा ठरवतो, ते कारणांसकट इथे लिहितो आहोत.

हॉटेलवर चार तास उशिरा पोचलं तरी खोली जागेवर असते. बोट तशी नसते. सहा-सात रात्री राहणं, जेवण आणि डाइव्हिंग सगळं तिच्यावरच असतं आणि ती रोज पुढे सरकते. मालदीवमध्ये पाण्याखाली जागोजागी प्रवाळाचे उथळ खडक आहेत, त्यामुळे या बोटी सहसा दिवसाउजेडीच चालवतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पहिल्याच दिवशी चेक डाइव्ह (सुरुवातीचा चाचणीचा डाइव्ह) करून अंधाराच्या आत रात्रीच्या नांगराच्या जागी पोचायचं असेल, तर कप्तानाला दुपारी निघावंच लागतं. काही बोटी मात्र पहिली रात्र विमानतळाशेजारच्या हुलहुमाले बेटाच्या लगूनमध्येच, म्हणजे आडोशाच्या शांत पाण्यात, काढतात. त्यांना संध्याकाळच्या विमानाने आलेला माणूसही चालतो. हा फरक बोटीच्या माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेला असतो, म्हणून तो मेल.

एक रात्र आधी पोचायचं हे सगळ्यांनाच पटतं. पण पुण्याच्या माणसाची एक चूक ठरलेली असते. आपण ती रात्र मुंबईत घालवतो. अंधेरी-सहारला विमानतळाजवळ हॉटेल घेतो, पहाटेचं विमान पकडतो आणि एक दिवस हाताशी ठेवल्याचं समाधान मानतो. त्या रात्रीने फक्त घाटापासून संरक्षण मिळतं. विमान रद्द झालं, चार तास रखडलं किंवा बॅग मुंबईतच राहिली, तर त्या हॉटेलचा काही उपयोग नाही. एकच रात्र परवडत असेल तर ती विमानाच्या पलीकडे, मालेकडे काढावी. दोन परवडत असतील तर मग मुंबईचा विचार करावा.

मग घाटाचं काय करायचं? कोथरूड किंवा औंधहून मुंबईचं टी२ साधारण १५० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असला तर साडेतीन तास. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे कागदावर साडेसहा तास होतात. आम्ही कोरड्या दिवसांत आठ आणि पावसाळ्यात दहा तास धरतो. रविवारी संध्याकाळी लोणावळा-खंडाळ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी रांगेतच असते, आणि द्रुतगती मार्गावर कामासाठी पोलिसांनी ब्लॉक जाहीर केला असेल तर त्यात दोन तास सहज जातात. निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्लॉकची बातमी पाहून घ्यायची. जुलैत दरड कोसळून घाट बंद पडला तर त्याच भागातला रेल्वेमार्गही अडखळलेला असू शकतो, तेव्हा रेल्वे हा हमखास पर्याय धरू नये. रात्री अकराला पुणं सोडून सकाळचं विमान घेणं आम्हाला सर्वांत बरं वाटतं. रस्ता मोकळा असतो, आणि झोपेचं जे नुकसान होतं ते मालेच्या रात्री भरून निघतं. ती रात्र तिकडे ठेवण्याचं हेही एक कारण. आणि हो, तिकिटावर टी२ लिहिलंय, टी१ की नवी मुंबई, हे गाडी सांगण्याआधी वाचा.

लोहगावहून बंगळूर किंवा कोचीमार्गे जाण्याचा मोह होतो, घाट वाचतो. जायला हरकत नाही, पण दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली तर देशांतर्गत टप्प्याला १५ किलोची मर्यादा लागते, बंगळूरला बॅग काढून पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. एकाच पीएनआरवर सहसा आंतरराष्ट्रीय टप्प्याची मर्यादा पूर्ण प्रवासाला मिळते आणि बॅगेला पुण्यातच मालेचा टॅग लागतो. काउंटरवर टॅगवरची तीन अक्षरं स्वतः वाचा, एमएलई असायला हवीत.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी बॅग आहे. माणूस एका विमानात चढला नाही तर दुसऱ्यात चढतो, बॅगेला कोणीतरी चढवावं लागतं. डाइव्हिंगच्या पूर्ण संचाचं वजन साधारण असं भरतं: बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) ३ ते ४ किलो, ऑक्टोपस (जादा तोंडाचा भाग) आणि गेजसकट रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) अडीच किलोपर्यंत, उघड्या टाचेचे फिन्स २ ते अडीच, तीन मिलिमीटरचा वेटसूट दीड ते दोन, आणि बूट, मास्क, एसएमबी (वर आल्यावर बोटीला दिसण्यासाठीचा फुगा), रील, टॉर्च मिळून आणखी दोन. म्हणजे कपड्यांआधीच ११ ते १३ किलो. ही बॅग मागे राहिली आणि बोट आरी अॅटॉलकडे (प्रवाळबेटांच्या एका समूहाकडे) गेली, तर ती बोटीपर्यंत पोचवायला खास स्पीडबोट करावी लागते. सीप्लेन आणि स्पीडबोटचे दर बघितलेत तर पटेल की त्यापेक्षा नवा संच भाड्याने घेणं स्वस्त. पण तुमच्या नंबरचा मास्क किंवा तुमच्या पायाचा बूट बोटीवर असेलच असं नाही.

म्हणून आमचा नियम असा: आपण उतरल्यापासून बोटीची शेवटची फेरी निघेपर्यंतच्या वेळात, आपल्याच विमान कंपनीचं निदान एक तरी विमान मुंबईहून (किंवा आपण जिथे विमान बदलतो तिथून) मालेत उतरायला हवं. मागे राहिलेली बॅग त्याच विमानाने येणार असते. कंपनीचं दिवसाला एकच विमान असेल आणि ते दुपारी चारला उतरत असेल, बोट मात्र दोनला निघत असेल, तर आदल्या दिवशी चारला पोचून काढलेली एक रात्र बॅगेच्या दृष्टीने शून्य आहे. तिथे दोन रात्री काढा किंवा विमान बदला. हा हिशेब खोली घेण्याआधी करायचा.

बॅग आली नाही तर सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान हरवल्याची नोंद, करूनच बाहेर पडायचं. त्यात पत्ता म्हणून गेस्टहाउसचं नाव द्यायचं आणि खाली बोटीचं नाव, बोटीच्या एजंटचा फोन आणि निघण्याची वेळ लिहायची. नुसतं बोटीचं नाव दिलं तर बॅग कुठे पाठवायची हेच कोणाला कळत नाही. इथे पुन्हा लक्षात येतं की किनाऱ्यावर एक पक्का पत्ता असणं किती मोलाचं आहे.

रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क आणि चष्म्याचा नंबर असलेली कुठलीही गोष्ट हातातल्या बॅगेत. टॉर्चमधली बॅटरी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, तीही हातातच. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही आणि अशी बॅग सुरक्षा तपासणीत बाजूला काढली जाते. बॅग मागे राहण्याचं हे एक साधं, टाळता येण्यासारखं कारण आहे. चाकू किंवा लाइन कटर मात्र चेक-इनच्या बॅगेत.

आता मुक्कामाच्या जागा. वेलाना विमानतळ हुलहुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. एका बाजूला रस्त्याने जोडलेलं हुलहुमाले, दुसऱ्या बाजूला २०१८ साली सुरू झालेल्या सिनामाले पुलाने जोडलेलं माले शहर. या तिन्ही ठिकाणी गाडीने जाता येतं. बाकी सगळीकडे पाण्यातून. ही एक गोष्ट समजली की निम्मी निवड झालीच.

विमानतळाच्याच बेटावर एक हॉटेल आहे. रात्री दीडला उतरून सकाळी अकराला बोट असेल तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, फक्त दर गेस्टहाउसच्या कितीतरी पट. आम्ही ते ज्येष्ठ सहप्रवासी असले किंवा विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तरच घेतो.

नेहमीची आमची जागा हुलहुमाले, आणि त्यातही पहिला टप्पा, म्हणजे फेज वन. समुद्रात भराव घालून केलेलं हे बेट आहे. रस्ते सरळ, इमारती चार-पाच मजली, आणि पूर्वेच्या किनाऱ्यालगत गेस्टहाउसांची रांगच आहे. विमानतळावरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. बऱ्याच बोटी हुलहुमालेच्या लगूनमध्येच नांगरलेल्या असतात आणि अनेक एजंट इथल्या गेस्टहाउसांतूनही माणसं उचलतात. काही बोटी मात्र फक्त विमानतळावरूनच उचलतात, तेव्हा सकाळी परत विमानतळावर जायचं असतं. फेज टूमध्ये उंच टॉवर आहेत, खोल्या नव्या आणि थोड्या स्वस्त मिळतात, पण किनारा आणि जेवणाच्या जागा लांब पडतात. जड सामानासह एका रात्रीसाठी ती बचत आम्हाला पटत नाही.

माले शहर बघण्यासारखं आहे. मासळीबाजार, सतराव्या शतकातली प्रवाळाच्या दगडांची हुकुरू मशीद, सगळं पायी होतं. पण मुक्कामाला आम्ही तिथे राहत नाही. इमारती अरुंद, लिफ्ट लहान, खोल्या इतक्या लहान की तीन मोठ्या बॅगा उघडल्या तर चालायला जागा उरत नाही, आणि दारासमोर गाडी थांबवायला जागा मिळेलच असं नाही. राहावं हुलहुमालेत, संध्याकाळी बसने पूल ओलांडून मालेत जाऊन यावं. मालेशेजारच्या विलिमाले बेटावर वाहनं नसल्यासारखीच, वातावरण शांत, पण मालेहून फेरी घ्यावी लागते, म्हणजे सामानाची चढउतार दोनदा.

माफुशीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुण्यातून जाणारे बरेच जण तिथेच खोली घेतात. विमानतळाच्या दक्षिणेला, स्पीडबोटने अर्धा ते पाऊण तास. गेस्टहाउस भरपूर, किनारा चांगला, दर हुलहुमालेसारखेच, फोटोत तर हुलहुमालेपेक्षा कितीतरी सुंदर. दोन-तीन दिवस आधी जाणार असाल तर जरूर जा. पण बोटीच्या लगेच आधीची रात्र तिथे नको. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा असतो, समुद्र खवळला की स्पीडबोटी उशिरा सुटतात किंवा रद्द होतात. पोचलात तरी अर्धा तास आपटत येऊन लगेच दुसऱ्या बोटीवर चढायचं, म्हणजे ज्याला बोट लागते त्याचा पहिला दिवस वाया. सरकारी फेरी स्वस्त आहे, पण तिला दीड तासाच्या आसपास लागतो, ती मालेच्या विलिमाले धक्क्यावर येते, आणि शुक्रवारी सार्वजनिक फेऱ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. शेवटची रात्र हुलहुमालेत, हे सूत्र सोडू नका. फारच आग्रह असेल तर सकाळच्या पहिल्या स्पीडबोटचं तिकीट आधी काढून ठेवा. म्हणजे ती गेली तरी दुसरी उरते.

दक्षिणेच्या अॅटॉलमधल्या सफरींचा हिशेब निराळा. बोट गान किंवा कूड्डूसारख्या ठिकाणाहून सुटते आणि मालेहून देशांतर्गत विमानाने जावं लागतं. त्या विमानाची वजनमर्यादा बहुधा तुमच्या आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी असते, जादा किलोचे पैसे तिथे रोख भरायची तयारी ठेवा किंवा आधीच ऑनलाइन घ्या. मुंबईचं विमान आणि हे विमान एकाच दिवशी जोडणं कागदावर जमतं, पण आम्ही मध्ये हुलहुमालेची रात्र टाकतोच. गानला आणखी एक रात्र काढायची असेल तर सोय चांगली आहे: गान, फेयधू, मारधू, हिथाधू ही बेटं एकमेकांना रस्त्याने जोडलेली आहेत, त्यामुळे गावातल्या गेस्टहाउसात राहूनही विमानतळ टॅक्सीच्या अंतरावर असतो. एक धोका मात्र इथे हमखास विसरला जातो. आदल्या दिवशी हुलहुमालेत किंवा माफुशीत सरावाचे दोन डाइव्ह केले आणि दुसऱ्या सकाळी गानचं विमान पकडलं, तर डाइव्हनंतर विमानप्रवासाचा नियम मोडतो. एकाहून अधिक डाइव्हनंतर निदान १८ तास थांबायचं, ही डॅन या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. विमान लहान असलं, उड्डाण तासाभराचं असलं तरी नियम तोच.

हाच नियम परतीच्या रात्रीलाही लागतो, म्हणून ती रात्र याच वेळी ठरवून टाकतो. शेवटच्या डाइव्हची वेळ बोटवाल्यांना विचारायची, त्यात आम्ही १८ ऐवजी २४ तास मिळवतो, आणि मगच परतीचं विमान. बहुतेक बोटी उतरण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत डाइव्हिंग थांबवतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं विमान जमतं आणि जादा रात्र लागत नाही. जाता जाता सांगायला हवं: तारकर्लीला दुपारी एकपर्यंत डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे पुण्याला निघणाऱ्यांना हे लागू पडतं असं वाटतच नाही. आंबोली जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे, आणि सुमारे ६०० मीटरच्या वर गेलं की शरीराच्या दृष्टीने तो विमानासारखाच चढ असतो. एक रात्र मालवणातच राहा.

खोलीच्या दरांची तुलना करताना पडद्यावरचा पहिला आकडा धरू नका. ६० डॉलरची खोली घेऊ. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावत असतील तर झाले ६६. त्यावर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, म्हणजे सव्वाअकरा डॉलर. झाले सव्वासत्त्याहत्तर. मग ग्रीन टॅक्स: वस्तीच्या बेटावरच्या ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसात माणशी दिवसाला ६ डॉलर, दोघांचे १२. शेवटी ६० ची खोली ८९ ला पडते. काही संकेतस्थळं कर धरून दर दाखवतात, काही न धरता, त्यामुळे ६० आणि ८० मधली ८० ची खोली कधीकधी स्वस्त निघते. बोटीवर आणि रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी १२ डॉलर आहे. सात रात्रींचे ८४ डॉलर पॅकेजमध्ये धरलेत की बोटीवर वेगळे मागणार आहेत, हेही त्याच पहिल्या मेलमध्ये विचारून घ्यावं.

गेस्टहाउसला आम्ही जे विचारतो ते असं. चेक-आउट बाराला आणि बोट तीनला असेल तर बॅगा ठेवायला कुलूपबंद जागा आहे का, आणि निघण्याआधी अंघोळीची सोय? खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का? २३ किलोच्या बॅगा घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढणं म्हणजे सफरीआधीच कंबर धरणं. विमानतळावरून आणणं-सोडणं दरात आहे का, आणि रात्री दोनलाही येणार का? वेगळे दोन पलंग मिळतील का, कारण गटात जोडपी कमी आणि मित्र जास्त. सकाळचा नाश्ता किती वाजल्यापासून? आणि विमान रद्द झालं तर तारीख बदलून देणार का? जे मालक या मेलला चोवीस तासांत मुद्देसूद उत्तर देतात तिथेच खोली घ्यायची. पंचतारांकित फोटोंपेक्षा ही कसोटी खरी ठरते. रात्री उशिरा विमान रखडलं तर तिथे फोन उचलणारा माणूस आहे, हे यातून कळतं.

वारही बघून घ्या. मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं, खाणावळी बंद असतात. बोट शनिवारी सुटत असेल तर आदला दिवस शुक्रवारच असणार, मग काही विकत घ्यायचं ठेवलं असेल तर संध्याकाळीच. रमजानमध्ये वस्तीच्या बेटावर दिवसा उपाहारगृहं बंद असतात, तेव्हा गेस्टहाउस दुपारचं जेवण देतं का तेही विचारायचं. हुलहुमालेच्या सार्वजनिक किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे अंग झाकणारेच हवेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना व्हिसा उतरल्यावर विनामूल्य मिळतो. इमुगा नावाचा ऑनलाइन जाहीरनामा विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, त्यात मुक्कामाचा पत्ता लागतो. गेस्टहाउसचं आणि बोटीचं, दोन्ही आरक्षणांची छापील प्रत जवळ ठेवा. नुसत्या बोटीच्या कागदावर आदली रात्र कुठे, हा प्रश्न उरतोच. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असलेली बरी. दारू देशात आणता येत नाही, ड्युटी फ्रीची बाटलीसुद्धा कस्टम्सवाले काढून ठेवतात. सॉकेट इंग्लंडसारखं तीन चौकोनी पिनांचं असतं. ते अॅडॉप्टर आणि डाइव्ह कॉम्प्युटरची सुटी बॅटरी तपकीर गल्लीतून पुण्यातच घ्या. हुलहुमालेत रात्री नऊला ती शोधत फिरण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद मात्र वैद्यकीय. डाइव्हिंगच्या प्रश्नावलीत दमा, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया, नियमित औषधं अशा एखाद्या प्रश्नाला हो असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती नसेल तर डाइव्ह गाइड पाण्यात उतरू देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पुण्यात दोन आठवडे आधी ही सही घ्या. सुट्टीच्या दिवशी मालेत ऐनवेळी डॉक्टर शोधणं अवघड. कानाचंच काही उद्भवलं तर मालेत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, पूल ओलांडला की टॅक्सीने पोचता येतं. हुलहुमालेत राहण्याचा हाही एक फायदा आहे, माफुशीहून हे जमलं नसतं.

कानाची खरी परीक्षा विमान उतरतानाच होते. उतरताना कान मोकळा झाला नाही, किंवा तासाभराने अजूनही दडे बसल्यासारखे वाटत असतील, तर ती सूचना समजा. रात्री एसी चेहऱ्यावर येईल असं झोपू नका, तापमान २५-२६ ठेवा, पाणी भरपूर प्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. सर्दी उतरवणारी गोळी घेऊन पहिल्या डाइव्हला जाणं धोक्याचं असतं, कारण तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते. पहिला डाइव्ह सोडावा लागला तरी चालेल, सातव्या दिवसापर्यंत वीसच्या आसपास डाइव्ह असतात. बोट लागण्याची गोळी तुम्हाला कोणती चालते ते डॉक्टरांना विचारून पुण्यातच एकदा घेऊन बघा. काहींनी गुंगी येते, आणि ती गुंगी पाण्याखाली कळणं बरं नव्हे.

जेवण साधं. हुलहुमालेत भात, माशांची आमटी, रोशी नावाची पातळ पोळी सहज मिळते. नारळ, कांदा आणि टुना घालून केलेलं मासहुनी नाश्त्याला छान लागतं, पण बोटीच्या दिवशी तिखट बेतानेच.

आदल्या संध्याकाळी जेवणाआधी पलंगावर सगळा संच पसरतो. रेग्युलेटरच्या तोंडातल्या रबराला पकडणारी पट्टी घट्ट आहे का, फिन्सच्या पट्ट्या आणि मास्कची पट्टी फाटत तर आलेली नाही, बीसीडी तोंडाने फुगवून रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी हवा टिकून आहे का. ही शेवटची चाचणी घरी करायची राहून गेलेली असते, आणि या रात्री तिला बारा तास मिळतात. एसएमबी प्रत्येकाची स्वतःची हवी. मालदीवमध्ये प्रवाह जोरात असतात आणि वर आल्यावर दोनीवाल्याला तुम्ही दिसायला हवं. दोनी म्हणजे डाइव्हिंगची छोटी बोट, शब्द ऐकायला आपल्या कोकणातल्या डोणीजवळचा. मग मोठ्या बॅगेतून पहिल्या दिवसाचं सामान वेगळं काढतो: वेटसूट, मास्क, कॉम्प्युटर, कार्डं, लॉगबुक, विम्याचा कागद, पासपोर्ट. दोनीवर आणि बोटीवर बॅगा सुरुवातीला एकावर एक रचलेल्या असतात, पण नोंदणी आणि चेक डाइव्हची तयारी मात्र लगेच सुरू होते.

सकाळी नाश्त्यानंतर एजंटला एक निरोप पाठवायचा: किती माणसं, किती बॅगा, कुठे थांबलो आहोत. विमानतळावरून उचलणार असतील तर बोटीच्या नावाची पाटी घेतलेला माणूस आगमनाच्या दाराबाहेर असतो आणि धक्का समोरच आहे. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी तिथे पोचतो. दोनीत बॅगा चढवताना गटातला एक जण धक्क्यावर आणि एक दोनीत उभा राहतो, आणि दोघंही मोठ्याने मोजतात. दोन्हीकडचा आकडा जुळल्याशिवाय दोर सोडू देत नाही.